बालाघाटला नेलेले चोवीस डबे

पुण्याहून नातेवाइकांकडे निघालेला माणूस बाकरवडी नेतो, फार तर आंबाबर्फी. मी मासे नेले. समुद्रातले, शिजवून डब्यात बंद केलेले, ट्यूना नावाचे. (कोकणातले लोक ह्याच माशाला कुपा म्हणतात आणि ताजा मिळाला तर खातात.) चोवीस डबे, एका खोक्यात, वरून सुतळी. ज्या मुलखात वैनगंगा वाहते आणि दर गावाला एक तळं आहे, तिथे बाहेरून मासे न्यावेत ही कल्पना आजवर कुणाला सुचली नसावी. हा मान माझ्याकडे आला तो आमच्या सोसायटीतल्या जिमच्या ट्रेनरमुळे.

सुभद्रामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. कटंगीजवळच्या एका खेड्यात राहते. मौसाजी (मावशीचे यजमान) दोन वर्षांपूर्वी गेले, मूलबाळ नाही, आणि आई गेल्यापासून मला ‘बाबू’ म्हणणारी ती एकटीच उरली आहे. तिच्या पोटात गाठ निघाली. गाठ साधी होती, काढली की काम संपलं. पण बालाघाटच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि ऑपरेशन पुढे ढकललं. रक्तात प्रोटीन इतकं कमी की टाके भरून येणार नाहीत म्हणाले. आधी हिला खाऊ घाला, मग आणा. हे सगळं मला तिच्या शेजारच्या रेखाने फोनवर कळवलं. मावशीला विचारलं असतं तर तिने “बरी हाओ” एवढंच सांगून फोन ठेवला असता.

मी तीस वर्षं बँकेत काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि एकटा राहतो. कुठलाही प्रश्न माहितगाराला विचारावा आणि तक्ता आखून सोडवावा, अशी माझी पद्धत. आमचा ट्रेनर पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत, म्हणजे माहितगारच म्हणायचा. “काका, ट्यूना,” तो म्हणाला. “जगातलं सगळ्यात स्वस्त प्रोटीन.” पुरावा म्हणून त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक आनंदी परदेशी गृहस्थ आपल्या गावच्या दुकानात उभे राहून अंडी, कोंबडी, डाळ अशा सगळ्यांना एकेक करून हरवत होते. स्वस्त, पण कुणाच्या देशात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. कर्जाच्या अर्जांवर असले प्रश्न मी जन्मभर विचारले. पण घरच्या माणसाची काळजी लागली की डोकं चालत नाही, आणि समोर ‘सवलत’ असा शब्द दिसला की उरलंसुरलंही बंद पडतं. मी दोन डझन डबे मागवले. सवलत धरूनही एका डब्याच्या किमतीत दोन डझन अंडी आली असती, हे मला कळलं ते गोंदियाच्या फलाटावर उकडलेली अंडी विकत घेताना.

गोंदियाहून बालाघाटच्या गाडीत बसलो. गाडी लहान, आणि घाई कुणालाच नव्हती, गाडीला तर मुळीच नाही. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (धानाच्या वाफ्यांमध्ये) नुसते सड उभे होते, कुठे कुठे त्यातूनच लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं होतं, आणि मधूनच एखादं तळं लागायचं. दर तळ्यात कोणी ना कोणी गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन उभा असायचा. मी तेवढ्यापुरता दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत होतो.

समोरच्या बाकावर वारासिवनीचे एक गृहस्थ बसले होते. खोक्यावरचं माशाचं चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

“क्या है इसमें?” त्यांनी विचारलं.

“मछली.”

“कहाँ से ला रहे हो?”

“पुणे से.”

ते विचारात पडले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, “बालाघाट में मछली को कुछ हो गया क्या?”

मी त्यांना प्रोटीन समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, मला मूठभर फुटाणे दिले, आणि मग शेजारच्याला, त्याच्या शेजारच्याला, असं करत सगळ्या बाकांना माझी ओळख करून दिली. बालाघाट येईपर्यंत मी त्या गाडीतला सगळ्यात प्रसिद्ध उतारू झालो होतो. उतरताना एका आजीबाईंनी खोक्याला हात लावून पाहिला, थंड आहे का म्हणून.

स्टेशनवरून थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टर सज्जन, मोजकं बोलणारे. बाहेर बाकांवर पेशंटांची रांग असूनही त्यांनी मला बसायला सांगितलं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू, म्हणाले. तेवढ्यात सुधारणा दिसली तर ऑपरेशनची तारीख देऊ. नाही दिसली तर थांबावं लागेल, आणि गाठ काही थांबणार नाही. काय खाऊ घालायचं, असं मी विचारलं. “दाल, अंडा, मछली, जो घर में मिले,” ते म्हणाले. मी अभिमानाने खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यात काय आहे ते सांगितलं. डॉक्टरांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि “अच्छा है, कोशिश कीजिए,” असं म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं. मला ते प्रोत्साहन वाटलं.

कटंगीच्या बसमध्ये कंडक्टरने खोकं टपावर टाकायला सांगितलं. मी ऐकलं नाही, मांडीवर घेऊन बसलो. शहाण्या माणसाचं व्हायचं तेच झालं. एका खड्ड्यात बस अशी आदळली की सुतळी तुटली, खोकं फाटलं, आणि चोवीस डबे बसभर घरंगळत गेले. पुढचा अर्धा तास सगळी बस वाकून मासे पकडत होती. एक डबा ड्रायव्हरच्या पायाशी सापडला, दोन एका बाईच्या तांदळाच्या पिशवीआड, आणि एकावर एक कोंबडी बसलेली होती. तिने तो सहजासहजी दिला नाही. मी मोजून चोवीस भरले तेव्हा कंडक्टर म्हणाला, “चौबीस ही थे ना? पच्चीसवाँ निकला तो मेरा.” मग त्यानेच आपल्या टॉवेलात डबे बांधून दिले, आणि कटंगीला डबे माझ्या पिशव्यांत ओतून टॉवेल परत घ्यायला विसरला नाही.

कटंगीच्या बस स्टँडवर रेखाचा नवरा दिलीप मोटारसायकल घेऊन थांबला होता. “जयभीम भाऊ,” म्हणाला, आणि पिशव्या हातात घेतल्यावर, “दगडं आनले काय?” मी मासे म्हणालो. त्याने पिशव्या हँडलला अडकवल्या आणि किक मारली. गावापर्यंतचा रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूंना धानाचे ढीग आणि तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) वास.

मावशी दारातच उभी होती. मी तिला दोन वर्षांनी पाहत होतो. पाय धुवायला पाणी देताना तिचं मनगट दिसलं, आणि मला भीती वाटली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. “लय वाळला रे बाबू,” तिने मला सांगितलं. माझं वजन शहात्तर किलो आहे.

तिने माझ्यासाठी चिन्नोर तांदळाचा भात केला होता. त्या भाताचा वास अंगणापर्यंत येत होता. सोबत पातळ वरण. स्वतःच्या ताटात तिने ओंजळभर भात घेतला, त्यावर मीठ आणि एक भाजलेली मिरची. भाजी कुठे आहे, असं विचारलं तर म्हणाली, “एकटीसाठी काय करू? भातानं पोट भरते.” दोन वर्षं तिचं हेच जेवण होतं. रक्तातलं प्रोटीन कुठे गेलं ते शोधायला प्रयोगशाळेची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीवर तक्ता चिकटवला. रोज एक डबा, तीन आठवडे, म्हणजे एकवीस. तीन राखीव. शेजारी खूण करायला रकाना. मावशीने तो तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि अक्षर चांगलं आहे म्हणाली. मग मी पहिला डबा उघडला. ती वाकून आत बघायला लागली.

“याचं डोस्कं कुठं गेलं?” तिने विचारलं. डोकं कारखान्यात काढून टाकतात, असं मी सांगितलं. “अन् काटे?” तेही. “अन् हे कवाची हाय?” मी डब्यावरची तारीख वाचून दाखवली आणि हा मासा तीन वर्षं टिकतो हे कौतुकाने सांगितलं. ते सांगायला नको होतं. तिने माझ्या समाधानासाठी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ चघळला, आणि पाण्याचा तांब्या उचलला. उरलेला डबा भातात कालवून मी “वा, वा” म्हणत संपवला. तक्त्यात खूण केली. खाणाऱ्याच्या नावाचा रकाना सुदैवाने ठेवलेला नव्हता.

तीन दिवस हेच चाललं. तीन दिवसांत मावशीच्या पोटात तीन चमचे गेले. माझं प्रोटीन मात्र उत्तम चाललं होतं.

चौथ्या दिवशी कटंगीचा आठवडी बाजार होता. ट्रेनरला फोन केला तेव्हा त्याने लिंबू आणि मिरपूड घालायला सांगितलं होतं, म्हणून मी दिलीपबरोबर बाजारात गेलो. लिंबू घ्यायला गेलेल्या माणसाने तो बाजार पाहू नये. एका बाजूला अंड्यांचे ट्रे माणसाच्या उंचीएवढे रचलेले. पुढे सुक्या झिंग्यांचे ढीग, त्यांचा वास रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारत होता. त्यापुढे परातींत बोडीतल्या (लहान तळ्यातल्या) बोटभर मासोळ्या, काही अजून तडफडत असलेल्या, केळीच्या पानावर वाटे लावून ठेवलेल्या. चणे, उडीद, लाखोळीची डाळ, वालाच्या ताज्या शेंगा. जगातलं सगळ्यात स्वस्त प्रोटीन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बसून माझी वाट पाहत होतं आणि मी ते पुण्याहून घेऊन आलो होतो. दिलीपला विचारलं, हे सगळं इथे असताना मावशी का खात नाही? पेन्शन येते, शेतीचा हिस्सा येतो.

“पैशाचं नाही भाऊ ते,” दिलीप म्हणाला. “घरी गेल्यावर रेखाले विचारजा.”

गावात शिरलो तर मावशीच्या घरावर धूर दिसला. आत लसूण, कांदा आणि जवसाच्या तेलाचा खमंग वास. अंगणात पाच-सहा बाया बसलेल्या. मधोमध पिढ्यावर मावशी, समोर मोठा गंज (पातेलं), हातात पळी. आणि तिच्या बाजूला ओळीने मांडलेले माझे एकवीस डबे. उघडलेले, घासलेले, राखेने चकचकीत केलेले, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. तीन आठवड्यांचा माझा सगळा साठा वांग्याबरोबर त्या एका गंजात रटरटत होता, आणि मावशी तो पळीपळीने परत त्याच डब्यांमध्ये भरत होती. हे रेखाकडचं, हे पलीकडच्या घरचं, हे विहिरीजवळच्यांचं.

“मावशी, हे तीन आठवडे पुरवायचे होते,” मी म्हणालो.

“मासोळी तीन हप्ते कोन ठेवते? पाव्हन्यानं आनली म्हंजे गावात जाते ते.”

“ही टिकते. ती टिकावी म्हणूनच डब्यात भरतात.”

“टिकवून काय कराचं?” तिने विचारलं, आणि पुढचा डबा ओढला.

त्यावर मी बोलू नये ते बोललो. तुला जगायचंच नसेल तर तसं सरळ सांग, मी उगाच कशाला आलो, असं सगळ्यांसमोर म्हणालो. मावशीची पळी गंजात थांबली, आणि मग ती पुन्हा डबे भरायला लागली. मी लिंबं ओट्यावर ठेवून बाहेर येऊन बसलो. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यात वाया गेलेल्या डब्यांचा वाटा अगदी थोडा होता.

रेखा मागोमाग आली. तीस-बत्तीस वर्षांची, बोलायला स्पष्ट. भिंतीला टेकून उभी राहिली.

“भाऊ, तुमाले वाटत असन का आमी शेजारी असून हिले विचारलं नाही,” ती म्हणाली. “रोज देऊन पाह्यलं. वाटी जशीच्या तशी परत पाठवते. म्हन्ते, माह्या घरून काही गेलं नाही, तं तुमचं कसं घेऊ?”

मग तिने मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. ह्या गावात घरात काही चांगलं केलं की वाटीभर शेजारी जातं, आणि गेलेली वाटी कधी रिकामी परत येत नाही. आज नाही तर दोन दिवसांनी, पण भरूनच येते. मौसाजी होते तोवर सगळ्यात जास्त वाट्या ह्याच घरातून जायच्या, मावशीचा हात तसाच होता. ते गेले आणि हिने भाजी करणं सोडलं. भाजी नाही म्हणून वाटी नाही, आणि वाटी गेली नाही म्हणून आलेलं घ्यायचं नाही. ही मदत आहे असं म्हटलं तर आणखीच बिघडायचं.

“दोन साल झाले, या घरून वाटी निंगाली नाही,” रेखा म्हणाली. “आज निंगाली. तुमी तिले बोलू नका.”

मी आत गेलो आणि एका डब्यात मासे वाढून देण्याइतपत मदत केली. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण पुढचा डबा माझ्याकडे सरकवला. संध्याकाळच्या आत एकवीस डबे एकवीस घरी गेले. गावाचं मत हळूहळू कानावर आलं. मासोळी बरी होती, पण पुण्याचे लोक काटे काढून पाठवतात, तिकडच्या लोकांचे दात कमजोर असावेत. कुणी पुन्हा मागितली का? कुणीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला डबा परत आला. त्यात गावठी कोंबडीची उकडलेली अंडी होती, चार, वर तिखटमीठ. आणणारी बाई जागची हलेना. परत आलेलं तिच्यासमोर चाखायचं असतं, असं कळलं. मावशीने एक अंडं खाल्लं, पूर्ण. मी श्वास रोखून पाहत होतो. दुपारी दुसरा डबा आला, त्यात उडदाचे वडे. संध्याकाळी बोडीतल्या मासोळ्यांचं झणझणीत कालवण, काट्यांसकट आणि डोक्यांसकट. ते मावशीने बोटं चाटून खाल्लं. “हे मासोळी,” ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

आणि डबा रिकामा झाला की मावशीला तो तसाच ठेवता येईना. त्यात आता काही तरी घालून पाठवायला हवं. म्हणून चूल पेटायची. वालाच्या शेंगा, कोचईच्या (अळूच्या) पानांच्या बेसन लावलेल्या वड्या, झिंग्यांची चटणी. एका वेळी पाच-सहा डबे गावात फिरत असायचे. चूल पेटली की थोडं तिच्याही ताटात पडायचंच. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठल्या उठल्या ती विचारू लागली की आज कुणाचा डबा यायचा आहे. बाया यायच्या, चाखेपर्यंत बसायच्या, आणि मग तास-तास उठायच्या नाहीत. मी तक्त्यातला ‘ट्यूना’ हा शब्द खोडला आणि रोज काय आलं ते लिहू लागलो. रकाने अपुरे पडले. बँकेतल्या माणसाला ह्याहून मोठं समाधान नसतं.

तीन आठवडे झाल्यावर आम्ही बालाघाटला गेलो. रेखा सोबत होती. माझी पिशवी भरलेली होती, कारण तिथूनच मला परत निघायचं होतं. रक्त दिलं, बाकावर दोन तास बसलो. मावशी येणाऱ्याजाणाऱ्या बायांशी बोलत होती आणि मी रिपोर्टच्या खिडकीकडे बघत होतो.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. मग मान वर करून म्हणाले की पुढच्या महिन्यात ऑपरेशन करू. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. हिला काय खायला घातलं, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी पुढे सरकली.

“हा माह्या बहिनीचा पोरगा हाय, डॉक्टरसाब,” ती म्हणाली. “पुन्याहून डब्यातली मासोळी आनली यानं. उसी से ठीक हुआ.”

मी काही म्हणेपर्यंत तिने टेबलाखाली माझा गुडघा दाबला, चांगला जोरात. तीन आठवड्यांपूर्वी त्या हातात तेवढी ताकद नव्हती. डॉक्टरांनी पेन काढलं आणि मला विचारलं, “क्या नाम बताया था आपने? ट्यूना?” आणि ते नाव समोरच्या कागदावर लिहून घेतलं.

बालाघाटच्या अशक्त माणसांना आता औषध म्हणून काय घ्यावं लागणार, ह्या विचाराने मला घाम फुटला. रेखा आणि मावशी बाहेर गेल्यावर मी परत आत शिरलो आणि म्हणालो, “सर, अंडे भी चलते हैं. दाल भी. छोटी मछली भी.”

“वो तो मैं सबको रोज़ बोलता हूँ,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “कोई सुनता नहीं.”

स्टेशनवर गाडीला वेळ होता. मी मावशीला विचारलं की डॉक्टरांना खोटं का सांगितलं. तिने त्यातले तीन चमचे खाल्ले होते, तेही तोंड वाकडं करून. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि भिंतीवरच्या तक्त्यालाही माहीत होतं.

मावशीने पदराखालून एक डबा काढला. माझ्याच खोक्यातला, वर कापड बांधलेला. आत जवसाची चटणी होती, दाबून भरलेली.

“तू इतक्या दुरून घेऊन आलता,” ती म्हणाली. “तुले रिकामं कसं पाठवू मी?”

ती चटणीबद्दल बोलत होती की डॉक्टरांसमोरच्या बोलण्याबद्दल, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. डबा हातात घेतला आणि तिच्या पाया पडलो. गोंदियाच्या गाडीत यावेळी माझ्या सामानाबद्दल कुणी चौकशी केली नाही, आणि तळी दिसली तेव्हा मी खिडकीतून पाहत राहिलो.

पुण्यात पोचलो तर ट्रेनर फाटकातच भेटला. मावशी कशा आहेत, असं त्याने विचारलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, असं मी सांगितलं. “सांगितलं होतं ना काका,” तो म्हणाला. त्या दिवसापासून तो इतरांना माझं उदाहरण देतो, आणि सोसायटीतल्या दोन घरांनी मोठ्या विश्वासाने खोकी मागवली आहेत. त्यांना मी अंडी सुचवून पाहिली. डॉक्टर म्हणाले होते ते खरं आहे, कुणी ऐकत नाही.

चटणी आठवड्यात संपली. ती मी ओट्यापाशी उभ्याने खायचो, एकटाच, बहुतेक वेळा भाताबरोबर, आणि एके दिवशी लक्षात आलं की मीही बऱ्याच वर्षांत माझ्यापुरती भाजी केलेली नाही. डबा घासून खिडकीत ठेवला आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशनसाठी जायचं आहे, तेव्हा तो मावशीकडे परत न्यावा लागेल, आणि भरून न्यावा लागेल. त्यात काय घालायचं ते ठरलेलं नाही. गेले चार दिवस संध्याकाळी वेगवेगळ्या भाज्या करून पाहतोय. काल जमलेली एक शेजारी देऊन आलो.